कपाटातली बारा बोर: खान्देशच्या हवेत परवान्याची बंदूक कशी सांभाळावी

दसऱ्याला बाहेर निघते, हळद-कुंकू लागतं आणि पुन्हा वर्षभर कपाटात जाते, अशीच खान्देशातल्या बऱ्याच परवान्याच्या दुनळीची गत असते. नळीला पडणारे खड्डे बहुतेक त्या बंद वर्षातच पडतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या वर जातो, तेव्हा दस्त्याचं लाकूड आकसतं. मग जूनच्या मध्यात हवा एकदम ओली होते आणि पोलादावर घामासारखा ओलावा धरतो. केळीच्या पट्ट्यात तर पाटाच्या पाण्यामुळे हिवाळ्यातही घरं ओली राहतात. ही हवा ओळखून निगा ठेवली तर आजोबांच्या वेळची बंदूक नातवाच्या हातातही घट्ट मिटते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बंदूक घरी तयार करणं, जुन्या भागांतून जुळवणं किंवा तिची नळी कापून आखूड करणं हा परवानाधारकासाठीसुद्धा गुन्हाच आहे. १९५९चा शस्त्र कायदा त्यासाठी वेगळा परवाना मागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. सातपुड्याच्या पायथ्याला गावठी कट्ट्यांचे गुन्हे सतत दाखल होतात, त्यामुळे पोलीस अशा बाबतीत ढील देत नाहीत. चापाचा ताण कमी करणं, ठोकपिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन) घासणं, काडतुसाचं घर, म्हणजे नळीत मागे काडतूस बसतं ती जागा, लांबवणं, नळीचा पोचा काढणं ही कामं परवानाधारक गनस्मिथचीच. बंदूक त्याच्याकडे दिली की नंबरासह पावती घ्यायची. साफसफाई, तेलपाणी, तपासणी आणि साठवण मात्र तुमच्या हातात आहे, आणि तेवढ्यावरच बंदुकीचं आयुष्य ठरतं.

हात लावण्याआधी

ज्या खोलीत सफाई करायची त्या खोलीत एकही काडतूस नको. काडतुसाची पेटी दुसऱ्या खोलीत कुलपात राहू द्या. बंदूक भिंतीकडे रोखून उघडा, दोन्ही घरं डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. संध्याकाळच्या उजेडात काळ्या घरातलं काळं काडतूस दिसत नाही, बोटाला मात्र लागतं. पोरंसोरं बाहेर, मोबाइल बाजूला.

सामान फार लागत नाही. तीन तुकड्यांचा लाकडी किंवा पितळी गज, बारा बोरच्या मापाचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश, लोकरीचा बोळा, जुना दात घासायचा ब्रश, दोन-चार लाकडी काड्या आणि जुन्या धोतराचे ७-८ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, पंचवीस-तीस. कापड सुतीच हवं, कारण टेरीकॉट तेल शोषत नाही, नुसतं पसरवतं. लोखंडी गज वापरू नका, त्याने नळीच्या तोंडाची कड झिजते.

तेलात सगळ्यात मोठी चूक होते. गोडेतेल, खोबरेल, तिळाचं तेल हातासरशी मिळतं म्हणून लावलं जातं. ही खाद्यतेलं हवेत राहिली की हळूहळू घट्ट होतात, त्यांची चिकट राळ बनते. मग त्या राळेवर धूळ आणि कापसाचे तंतू बसतात. दोन वर्षांनी चाप जड लागतो, ठोकपिन सावकाश पुढे जाते आणि काडतूस फुटत नाही. बंदुकीचं तेल आणा. ते नसेल तर शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल चालतं, पण त्याचा थर लवकर उडतो म्हणून पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. रॉकेल धुण्यापुरतं बरं. तेवढ्यावर ठेवून दिलंत तर ते उडून जातं आणि पोलाद उघडं पडतं.

नळी

पुढचा लाकडी तुकडा काढा, वरचा खटका उजवीकडे दाबा, नळी बिजागरीवरून उचलून घ्या. पहिल्यांदा चुरगाळलेला कोरडा कागद किंवा कापड घराकडून तोंडाकडे ढकला. ढोबळ काजळी त्यानेच निघते. मग ब्रशला सॉल्व्हंट किंवा रॉकेल लावून तो दहा-बारा वेळा आरपार न्या. दर वेळी ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर काढायचा. मध्येच उलटा ओढला तर तारा वाकतात आणि ब्रश तिथेच बसतो. दहा-पंधरा मिनिटं नळी तशीच आडवी ठेवा.

दोन जागी जास्त वेळ द्या. घर संपून नळी अरुंद होते तिथे आणि तोंडाजवळ चोक, म्हणजे नळीचा मुद्दाम अरुंद केलेला भाग, आवळतो तिथे. प्लास्टिकच्या वॅडचा (काडतुसात दारू आणि छऱ्यांमध्ये असणाऱ्या बुचाचा) आणि शिशाचा थर इथेच चिकटतो. त्या थराखाली ओल अडकली की गंज आतून खातो आणि वरून नळी चकचकीत दिसत राहते. पुन्हा ब्रश, मग कोरडे तुकडे, तुकडा पांढरा निघेपर्यंत. शेवटी एका तुकड्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाकून एक पातळ हात. बंदूक वापरायच्या आधी हे तेल कोरड्या कापडाने पुसून काढायचं. घरात तेल राहिलं तर काडतुसाची पकड सुटते आणि धक्क्याचा सगळा भार मागच्या पाटावर, म्हणजे मिटल्यावर घरांमागे टेकणाऱ्या सपाट भागावर येतो. जुनी दुनळी त्यानेच ढिली होते.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीचा प्रकार वेगळा. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि ते पाणी पोलाद खातं. ती तेलाने निघत नाही, गरम पाण्यानेच निघते. बार काढल्यावर त्याच दिवशी काही तासांत नळी गरम पाण्याने धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नळी तापलेली असतानाच कोरडी पुसायची आणि मग तेल. उद्या करू म्हणाल तर सकाळी लाल थर दिसेल.

बिजागरी, खटके, दस्ता

मागच्या पाटावरचा भाग दात घासायच्या ब्रशने झाडा. काडतूस बाहेर ओढणाऱ्या कड्यांखाली साचलेला मळ लाकडी काडीने काढा. बिजागरीच्या पिनेला ग्रीस ज्वारीच्या दाण्याएवढं पुरे. आतल्या यंत्राची पेटी स्क्रू काढून उघडू नका. त्या स्क्रूंच्या खाचा इतक्या बारीक असतात की साध्या पेचकसाने कोपरे उडतात, आणि आतल्या कमानी परत बसवायला वेगळी पकड लागते.

दस्त्याला जवसाचं तेल. तळहातावर चार-पाच थेंब घेऊन उष्णता येईपर्यंत चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी कोरड्या फडक्याने पुसायचं. वर्षातून दोनदा, उन्हाळा संपताना आणि दिवाळीनंतर. मे महिन्यात लाकूड आकसून दस्त्याचे स्क्रू ढिले लागतात. तेव्हा जोर लावून आवळू नका, कारण श्रावणात लाकूड फुगतं आणि आवळलेल्या जागी, विशेषतः मागच्या पट्टीलगत, चीर पडते. ढिला स्क्रू हाताला लागेल इतपत बसवा आणि पावसाळ्यात पुन्हा बघा.

ताजं तेल दिलेली बंदूक पहिला दिवस तोंड खाली करून ठेवा, तोंडाखाली कापडाची घडी. सरळ उभी ठेवली तर जास्तीचं तेल नळीतून यंत्रात आणि तिथून दस्त्याच्या माथ्यात उतरतं. तेल पिऊन तिथलं लाकूड काळं आणि मऊ होतं, मग धक्क्याने दबतं. जुन्या बंदुकांचे दस्ते या एका सवयीपायी गेलेले दिसतात.

गंज आधीच धरला असेल तर सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा. काचपेपर, राख, चिंच, लिंबू यांतलं काहीही नको. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चालतं ते नळीवरचा निळा-काळा थर खरवडून नेतं, आणि उघडं पोलाद दुप्पट वेगाने गंजतं.

दसऱ्याची पूजा जरूर करा, पण रात्रीपर्यंत बंदूक पाटावर ठेवू नका. ओलं कुंकू आणि अक्षतांचे कण बिजागरीत, दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेला आणि चापाच्या खाचेत बसतात आणि ओल धरून ठेवतात. पूजेआधी धातूवर तेलाचा हात द्या, कुंकवाचं बोट दस्त्याला लावा, आणि संध्याकाळी ब्रशने झाडून पूर्ण पुसा. आपट्याची पानं नळीत खोचू नका.

कपाट

कातडी पेटी किंवा कापडी खोळ प्रवासापुरती. कातडं ओल शोषतं आणि त्यातले क्षार पोलादाला लागतात. जुन्या धाब्याच्या घरात बंदूक खुंटीला टांगायची पद्धत होती. तिथे धूळ कमी नाही, आणि कुंभारीण माशी मिळेल त्या भोकात मातीचं घर करते. नळीत असं घर असताना बार उडाला तर नळी फुगते नाही तर फाटते.

पोलादी कपाट आतल्या भिंतीला बोल्टने आवळा, जमिनीपासून चार-सहा बोटं वर. पावसाचा मारा बसणारी भिंत आणि मोरीलगतची भिंत टाळा. आत अर्धा किलो सिलिका जेल जाळीदार पिशवीत ठेवा. नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे होतात. मग ते जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या पातेल्यात मंद आचेवर नारिंगी होईपर्यंत परतायचे. निळे दाणे घेऊ नका, त्यांतलं कोबाल्ट विषारी असतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याला एकदा कपाट उघडून नळीवर तेलाचं फडकं फिरवा. दर वेळी हाताळून झाल्यावर बोटांचे ठसे पुसा, घामातलं मीठ एका रात्रीत डाग पाडतं.

किल्ली परवानाधारकाकडेच. गादीखाली किंवा दाराआड भरलेली बंदूक ठेवून घर राखलं जात नाही, घरातलंच माणूस जातं. काडतुसं वेगळ्या कुलपात, थंड जागी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा धाब्याखालच्या तापत्या फळीवर त्यांची दारू बिघडते. जुनी कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगून घरात अडकतात. फुगलेलं किंवा पितळेवर हिरवा थर आलेलं काडतूस नळीत घालायचं नाही, परवानाधारक विक्रेत्याकडे नाही तर ठाण्यात जमा करायचं.

माप न बघता काडतूस घालू नका. जुन्या बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की ते तोंड उलगडून अरुंद भागात शिरतं, वाट अडते आणि दाब चढतो. नळीवर कोरलेलं माप वाचा. वीस बोरचं काडतूस बारा बोरपेक्षा बारीक असतं, म्हणून ते बारा बोरमध्ये आत घसरून पुढे अडकतं, आणि मागून दुसरं भरलं की नळी फुटते. म्हणूनच वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. नळीवर पोलादात वळसे घातल्यासारखी नक्षी दिसली तर ती काळ्या दारूच्या काळातली असण्याची शक्यता मोठी. गनस्मिथने तपासेपर्यंत तिला आजचं काडतूस दाखवू नका.

चाप ओढून बार उडाला नाही तर बंदूक मोकळ्या दिशेला तशीच धरून पूर्ण मिनिटभर थांबा, मग उघडा. आवाज नुसताच फुस्स झाला तर पुढचा बार मुळीच नको. नळी काढून आरपार बघा, वॅड मध्येच अडकलेली असते.

वर्षातून एकदा नीट तपासणी करा. नळी उजेडाकडे धरली की आत सावलीची गोल वर्तुळं दिसतात. वर्तुळ एखाद्या जागी तुटलं किंवा वाकलं तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. नळीचा जोड बोटावर टांगून लाकडी काडीने टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. भद्द आवाज आला तर पट्टीच्या जोडाचा डाग (झाळ) सुटलाय, आणि आत पाणी जातंय. पुढचा तुकडा काढून मिटलेली बंदूक हलवा, टकटक झाली तर बिजागरी झिजली आहे.

परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे आणि एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर बऱ्हाणपूर किंवा बडवानीच्या लग्नाला बंदूक नेता येत नाही. लग्नात हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेतात रानडुक्कर आलं तरी वन विभागाच्या लेखी परवानगीवाचून त्याच्यावर गोळी चालवायची नाही. परवानाधारक वारला तर वारसाने बंदूक घरात न ठेवता लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, आणि मग स्वतःच्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर नेण्याआधी बंदुकीला नेहमीपेक्षा जाड तेल द्या, घरांत आणि तोंडात तेल लावलेल्या कापडाची घडी घाला आणि तिथे घडी असल्याची चिठ्ठी चापाला बांधा. पावतीवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी तिथेच उभं राहून ताडून बघा, नळीची अवस्था पावतीवर लिहून मागा. परत मिळाल्यावर दोन्ही घड्या काढून नळी आरपार बघेपर्यंत ती कपाटात जाऊ नये.