इंकजेट प्रिंटरवर घरच्या घरी सर्किट बोर्ड

घरी सर्किट बोर्ड करायचा म्हटलं की आधी इस्त्रीची पद्धत आठवते, म्हणजे छापलेलं सर्किट इस्त्रीने तांब्यावर उमटवायचं. ती लेझर प्रिंटरसाठी. लेझरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, म्हणून तो उष्णतेने वितळून तांब्याला चिकटतो. इंकजेटच्या शाईत असं प्लास्टिक नसतं. त्यामुळे इंकजेटवाल्यांनी इस्त्रीच्या नादी न लागता प्रकाशाची पद्धत धरावी. सामान थोडं जास्त लागतं, पण रेषा फार सुबक येतात.

साहित्य: तांब्याचा थर असलेला एफआर-४ बोर्ड, निगेटिव्ह ड्राय फिल्म (प्रकाशाने कडक होणारी पातळ फिल्म), इंकजेटसाठीच्या ट्रान्स्परन्सी (पारदर्शक) शीट, यूव्ही दिवा, सपाट काच, धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे), फेरिक क्लोराईड (उघडं तांबं विरघळवणारं रसायन).

सगळ्यात जास्त वेळ छपाईला द्या. निगेटिव्ह फिल्मवर जिथे प्रकाश पडतो तो भाग कडक होऊन टिकतो, म्हणून ट्रॅक (बोर्डावर ठेवायच्या तांब्याच्या रेषा) पारदर्शक आणि बाकी सगळं काळं छापायचं. शीटच्या खरखरीत बाजूवरच छापा. गुळगुळीत बाजूवर शाई वाळत नाही. दर्जा सर्वोच्च आणि आकार बरोबर १००% ठेवा. छापलेली शीट दिव्यासमोर धरली की काळ्या भागात बारीक ठिपके चमकताना दिसतील. त्यातून प्रकाश झिरपतो, तिथली फिल्म अर्धवट कडक होते आणि शेवटी दोन ट्रॅक एकमेकांना जोडलेले राहतात. उपाय सोपा आहे: तीच प्रत दोनदा छापा आणि दोन्ही शीट तंतोतंत जुळवून कडेने चिकटपट्टी लावा.

शाईची बाजू फिल्मला टेकली पाहिजे, नाहीतर शीटच्या जाडीतून प्रकाश आत सरकतो आणि कडा पसरट होतात. बोर्डाच्या खालच्या बाजूचा थर सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरून पाहिल्यासारखा दिसतो, म्हणून तो न उलटवता छापायचा. वरचा थर मात्र उलटा.

आता बोर्ड. बारीक घासणीने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग तांब्याला बोट लावू नका. पुढचं काम मंद पिवळ्या उजेडात करा. ड्राय फिल्म दोन संरक्षक पापुद्र्यांच्या मध्ये असते. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ओढली की आतला पापुद्रा सुटतो. फिल्म एका कडेपासून दाबत बसवा आणि बोर्ड गरम लॅमिनेटरमधून काढा. अडकलेला हवेचा बुडबुडा पुढे हमखास त्रास देतो.

प्रकाश किती वेळ द्यायचा ते दिव्यावर आणि अंतरावर ठरतं, दुसऱ्याचे आकडे कामाला येत नाहीत. बोर्डाच्या एका तुकड्यावर फिल्म लावून वर छापलेली शीट आणि काच ठेवा, पुठ्ठ्याने झाका आणि दर ३० सेकंदांनी पुठ्ठा थोडा सरकवा. तुकडा धुतल्यावर वेळ कमी पडलेल्या भागातली फिल्म निघून जाते, जास्त झालेल्या भागात ट्रॅकमधल्या फटी भरून येतात. फिल्म घट्ट बसली आहे आणि फटीही मोकळ्या आहेत, तो पट्टा तुमची वेळ सांगतो. दिव्याकडे थेट पाहू नका.

प्रकाश दिल्यावर बोर्ड १५ मिनिटं ठेवून द्या, मग वरचा पापुद्रा काढा. तो राहिला तर काहीच धुतलं जात नाही. एक लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात बोर्ड मऊ ब्रशने हलकेच चोळा, म्हणजे कडक न झालेली फिल्म निघून खालचं तांबं उघडं पडतं.

फेरिक क्लोराईडला प्लास्टिकचा टब, हातमोजे आणि चष्मा हवाच. बोर्ड आधी काही सेकंदच बुडवून बाहेर काढा. उघडं तांबं लगेच निस्तेज गुलाबी होतं. कुठे चकाकी उरली असेल तर तिथे फिल्मचा पातळ थर शिल्लक आहे. बोर्ड पाण्याने धुऊन पुन्हा सोड्यात घाला. ही तपासणी टाळू नका, ती अख्खा बोर्ड वाचवते. त्यानंतर टब हलवत राहा. द्रावण कोमट असेल तर काम लवकर उरकतं. वापरलेल्या द्रावणात तांबं असतं, ते मोरीत ओतू नका. बाटलीत साठवा आणि घातक कचऱ्यात द्या.

उरलेली फिल्म ॲसिटोनने निघते. आयसी आणि रेझिस्टरसाठी ०.८ मिमी, हेडर पिनांसाठी १ मिमी ड्रिल वापरा. एफआर-४ मध्ये काचतंतू असतात, त्यामुळे भोकं पाडताना तोंडावर मास्क हवा. सुटे भाग जोडण्याआधी शेजारशेजारचे ट्रॅक मल्टिमीटरने तपासा. कुठे जोडलेले निघाले तर धारदार ब्लेडने खरवडून वेगळे करा.