सुलभ ऑनलाइन ग्रंथालयात मराठी पुस्तक सापडत नाही? या चुका टाळा

दृष्टिहीन आणि मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयासारख्या संग्रहात मराठी पुस्तक शोधून मिळाले नाही, की ते संग्रहात नाहीच असे धरून चालण्याची सवय वाचकांना आणि स्वयंसेवकांनाही लागलेली आहे. वाचक नवी मागणी नोंदवतो, स्वयंसेवक तेच पुस्तक पुन्हा स्कॅन करायला घेतो आणि काही दिवसांनी एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी शेजारी शेजारी उभ्या राहतात. अशा प्रसंगी पुस्तक पुष्कळदा संग्रहातच असते. फक्त त्याची नोंद वेगळ्या लेखनात झालेली असते.

वाचकाकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे संपूर्ण शीर्षक टंकित करून शोध घेणे. शीर्षक जितके लांब, तितकी एखाद्या अक्षरावर गाडी अडण्याची शक्यता जास्त, म्हणून शीर्षकातील एक-दोन ठळक शब्द पुरेसे असतात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, परंतु त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ तसेच राहिले आहेत, त्यामुळे जुने पुस्तक शोधताना दोन्ही लेखने वापरून पाहावीत. लेखकाचे नाव शोधताना आद्याक्षरे गाळून केवळ आडनाव द्यावे, कारण आद्याक्षरांमध्ये कोणी टिंब देतो, कोणी मोकळी जागा सोडतो, तर कोणी दोन्ही वगळतो. टोपणनावाने लिहिणाऱ्यांच्या बाबतीत दोन्ही नावांनी शोध घ्यावा. कुसुमाग्रजांची पुस्तके वि. वा. शिरवाडकर या नावाखालीही असतात.

याहून अवघड अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो: एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. ‘ॲ’ हे अक्षरही कधी एकसंध असते, तर कधी ‘अ’वर चंद्र ठेवून बनवलेले असते. पडद्यावर दोन्ही रूपे जवळजवळ सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात आणि युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीच्या, नेहमीच्या प्रमाणीकरणानेही (सारखी रूपे एक करण्याच्या प्रक्रियेनेही) ती एक होत नाहीत. असा शब्द शीर्षकात असेल, तर तो टाळून दुसऱ्या शब्दाने शोधावे. ग्रंथालयाने मात्र एकच रूप ठरवून सर्व नोंदी त्या रूपात आणल्या पाहिजेत, आणि शक्य असल्यास शोधखिडकीत आलेले दुसरे रूपही आपोआप त्याच रूपात बदलून घ्यावे. हे काम वाचकावर सोडणे मला अन्यायाचे वाटते.

नोंद करणाऱ्यांनी मुखपृष्ठावरील शीर्षक ‘सुधारून’ लिहू नये. ते छापल्याप्रमाणेच ठेवावे आणि आजच्या लेखनातील रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात द्यावे. ग्रंथालयीन नोंदींच्या ‘मार्क’ या प्रमाणित पद्धतीत त्यासाठी २४६ हा क्रमांक राखलेला आहे. ‘भाग १’ मधला आकडा देवनागरी की इंग्रजी, हेही एकदाच ठरवावे. पाठ्यपुस्तकाच्या नोंदीत आवृत्तीचे वर्ष नसेल, तर अभ्यासक्रम बदलल्यावर विद्यार्थी जुने पुस्तक उतरवून घेतो आणि ही गोष्ट परीक्षा जवळ आल्यावर लक्षात येते. २००७पूर्वीच्या पुस्तकांवर दहा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असतो. त्याचे तेरा अंकी रूप करताना आधी ९७८ लावून भागत नाही, शेवटचा तपासणी अंकही नव्याने काढावा लागतो.

पुस्तक सापडूनही वाचता येत नसेल, तर दोष कुठे आहे हे लक्षणावरून ओळखता येते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, पूर्ण गप्प राहत असेल, तर ती पीडीएफ म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे आहेत. ‘भारत’ या शब्दाऐवजी ‘एच के के जे आर’ असे काही ऐकू येत असेल, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे आणि तो युनिकोडमध्ये बदलूनच पुन्हा चढवला पाहिजे. उच्चार हिंदी वळणाचे येत असतील, तर फाइलची भाषा ‘हिंदी’ अशी नोंदलेली आहे का, ते पाहावे. एका प्रकरणातून दुसऱ्यात उडी मारता येत नसेल, तर शीर्षके नुसती ठळक अक्षरांत केलेली आहेत, त्यांना शीर्षकाची खूण दिलेली नाही. ओसीआर केलेल्या, म्हणजे पानाच्या छायाचित्रातून संगणकाने ओळखून काढलेल्या, मजकुरात ‘ख’चे ‘रव’, ‘घ’चे ‘ध’ आणि ‘भ’चे ‘म’ होणे नित्याचेच असल्यामुळे, निदान या तीन जोड्यांवर नजर फिरवल्याशिवाय पुस्तक चढवू नये. शब्दतपासनीसावर विसंबून राहू नये, कारण ‘घन’चे ‘धन’ झाले तरी त्याला त्यात काहीच वावगे दिसत नाही.

उतरवलेले पुस्तक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हीदेखील चूकच आहे. २०१२च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात दिलेली सवलत अपंग वाचकांपुरतीच आहे.

दुहेरी नोंदी आढळल्यास घाईने एक पुसून टाकू नये. त्यांतली एक माणसाच्या आवाजातील ध्वनिमुद्रित आवृत्ती आणि दुसरी ईपब (मजकुराचे ई-पुस्तक) असू शकते, आणि दोन्हींची गरज असणारे वाचक वेगळे असतात. दोन्ही एकाच नोंदीखाली आणाव्यात, आणि फाइल सुधारून बदलायची असेल तेव्हा नोंदीचा क्रमांक तोच ठेवावा, म्हणजे वाचकांनी जतन केलेले दुवे तुटत नाहीत.