लेदर सोफ्याचा रंग घरीच बदलताना

रत्नागिरीच्या दमट हवेत हे काम पावसाळ्यात काढूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की घ्या. पापुद्रे सुटत असतील तर ते बहुधा रेक्झिन. त्यावर रंग टिकत नाही, नवं कव्हरच शिवून घ्या.

खऱ्या लेदरवर बुरशी असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, सावलीत सुकवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनं फिनिश (लेदरवरचा संरक्षक थर) काढा (खिडक्या उघड्या, देवाजवळचा दिवा विझवलेला). मान आणि हात टेकतात तिथे दोनदा पुसा. तेल राहिलं की रंग तिथूनच सुटतो. ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलकाच फिरवा.

अ‍ॅक्रिलिक लेदर कलर स्पंजने, अगदी पातळ लावा. आधी मागच्या कोपऱ्यात करून बघा. पहिला हात ठिगळासारखाच दिसतो, म्हणून जाड थर देऊ नका, तडकतो. तीन-चार हात पुरतात. गडदावर फिकट चढवायचा तर जास्त. सुरकुत्या बोटांनी ताणून रंगवा, नाहीतर बसलं की फटीतून जुना रंग दिसतो. वर मॅट टॉपकोट (रंगावरचा बिनचकाकीचा संरक्षक थर) हवाच, नाहीतर घामाने रंग कपड्यांना लागतो. बुटाचं पॉलिश तर अजिबात नको.