बायको बी.एड.ला, मूल दीड वर्षाचं: दोन वर्षांचं घर कसं बसवावं

बी.एड. पूर्वी एका वर्षात व्हायचं. अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं आणि मूल झाल्यावर प्रवेश घेणाऱ्या मुलींच्या घरचं गणित तिथेच बदललं. एक वर्ष कसंही रेटून नेता येतं. दोन वर्षं रेटायला गेलं की कुणीतरी मोडतं, आणि बहुतेक वेळा मोडतो तो तिचा अभ्यास. पुढचं सगळं मुख्यतः नोकरीला जाणाऱ्या नवऱ्यासाठी आहे. शिकणारा नवरा असेल तर नाती उलटी करून वाचा, कामं तीच राहतात.

आधी हजेरी मोजा

परीक्षा आणि प्रवेशाचे दिवस सोडून वर्षाला किमान २०० दिवस काम, आठवड्याला ३६ तास. वर्ग आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते, शाळेतल्या आंतरवासितेला (प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, म्हणजे इंटर्नशिप) ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. सोळा आठवडे, सहा दिवसांचा आठवडा धरला तर ९६ दिवस होतात आणि त्यात खाडे बसतात जेमतेम ९. मधे सण-सुट्ट्या आल्या की तेही कमी. पोराला दोनदा ताप आणि एकदा जुलाब झाले, की नऊ दिवस संपलेच. म्हणून अर्जित रजा साठत असतील, तर नवऱ्याने त्या या सोळा आठवड्यांसाठी राखून ठेवाव्यात. गावची जत्रा, भाच्याची मुंज यांत त्या खर्च करू नयेत.

स्वयंपाकघरातलं कालनिर्णय यासाठी पुरतं. तिचा पाठ, चाचणी, निरीक्षण असेल त्या दिवशी लाल खूण. नवऱ्याला अजिबात घरी राहता येणार नाही त्या दिवशी निळी. एकाच चौकटीत दोन्ही रंग आले, तर मूल आजारी पडलं तर कोण थांबेल याचं नाव त्याच चौकटीत लिहा आणि त्या माणसाला आठवडाभर आधी विचारून ठेवा. सकाळी सात वाजता शेजारच्या काकूंचं दार वाजवून विचारणं त्यांनाही अवघड, तुम्हालाही.

पाळणाघर कॉलेजच्या आधी सुरू करा

निदान दोन आठवडे आधी. पहिले तीन दिवस घरचं माणूस तिथे बसून फक्त तासभर. मग दोन दिवस तासभरच, पण माणूस बाहेर. मग जेवणापर्यंत, आणि दुसऱ्या आठवड्यात झोपेसकट. सोडायला पहिल्या दिवसापासून तोच जावा जो पुढे रोज जाणार आहे. नजर चुकवून पळ काढू नका. त्याने त्या दिवशीचं रडणं वाचतं, पण मूल पुढचे कित्येक दिवस घरातसुद्धा पदर सोडत नाही. दीड वर्षाच्या पोराला ‘पाच वाजता’ कळत नाही, एकापाठोपाठ एक काय घडतं ते कळतं: “जेवण, मग गाई, मग खाऊ, मग बाबा येणार.” रोज तेच शब्द, त्याच क्रमाने.

पिशवीत कपड्यांचे तीन जोड, घरच्या वासाची छोटी गोधडी आणि पाण्याची बाटली. नाव मार्करने लिहू नका, धुण्यात जातं. दोऱ्याने टाका घाला.

पाळणाघरातल्या ताईंना एक गोष्ट आवर्जून सांगायची: दुपारी तीनच्या पुढे झोपू देऊ नका. या वयात दिवसभराची मिळून ११ ते १४ तास झोप लागते. दुपारी दीड तास आणि रात्री साडेआठ ते सात, म्हणजे बारा तास होतात. दुपारची झोप पाचपर्यंत लांबली की रात्री दहा वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे, आणि मग तिला टाचण (पाठ कसा शिकवायचा याचा लेखी आराखडा) उघडायला साडेदहा.

रात्रीचे दोन तास

सगळ्या घराची परीक्षा इथे असते. पाठाचं टाचण, शैक्षणिक साहित्य, प्रकल्पाचं लिखाण हे सगळं रात्री पावणेनऊ ते पावणेअकराच्या दरम्यान होतं किंवा होतच नाही. त्यासाठी झोपवायचं काम पूर्णपणे बापाकडे द्यावं लागतं. “तू झोपव, मी भांडी घासतो” ही वाटणी न्याय्य दिसते, पण अंधारात थोपटत पडलेली, दिवसभर उभी राहिलेली बाई पोराच्या आधी झोपते. भांडी तिला द्या, पोर तुम्ही घ्या. त्याहून बरं म्हणजे दोन्ही तुम्ही घ्या.

हा बदल दहा-बारा रात्रींचा आहे. पहिल्या चार रात्री आई खोलीत असू दे, पण हात बापाचा. पाचव्या रात्रीपासून आईने पापा घेऊन, “आई अभ्यासाला चालली” असं सांगून बाहेर पडायचं. अंगावर पीत असेल तर ते पाजणं जेवणानंतर लगेच, दिवा चालू असताना उरकायचं आणि मग दात घासायचे. पिता पिता झोपायची सवय तशीच राहिली तर बापाच्या हातात काही राहत नाही. आई अशी बाहेर पडू लागली की तिसऱ्या-चौथ्या रात्री रडणं वाढतं. त्या रात्री आई आत आली की पोर एवढंच शिकतं, की अजून थोडं मोठ्याने रडायला हवं होतं.

अडचण बहुतेक वेळा बारीकशा गोष्टीत असते. आई आतल्या खोलीत दार लावून बसलेली, बाप बाहेर गोष्ट सांगतोय, आणि पोराला दाराशी तिच्या चपला दिसतात. चपला आहेत म्हणजे आई आहे. मग दार बडवणं सुरू. चपला आणि कॉलेजची पर्स आत घ्या. एक खोलीचं घर असेल तर झोपवण्याचा तो पाऊण तास तिने शेजारी, गच्चीवर किंवा अभ्यासिकेत काढावा. फोन नुसता सायलेंटवर ठेवू नका, कंपनही बंद करा. लाकडी टेबलावर ते पलीकडच्या खोलीत ऐकू येतं.

मोबाईल दाखवून पोर गप्प बसवण्याचा मोह याच वेळी होतो. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आरोग्य बाजूला ठेवलं तरी झोपेच्या आधीचा अर्धा तास मोबाईल म्हणजे झोप लांबली, म्हणजे तिचेच दोन तास कापले गेले.

सूक्ष्म अध्यापनाच्या (एकेक कौशल्य घेऊन छोटा पाठ शिकवायच्या सरावाच्या) दिवसांत नवऱ्याचा थेट उपयोग होतो. त्याचं चक्र ३६ मिनिटांचं असतं: ६ मिनिटं शिकवणं, ६ प्रत्याभरण (कसं झालं ते सांगणं), १२ मिनिटांत पुन्हा टाचण, ६ पुन्हा शिकवणं, ६ पुन्हा प्रत्याभरण. घरी फक्त पहिली सहा मिनिटं धरा. घड्याळ लावा, विद्यार्थी होऊन बसा आणि त्या दिवशी जे कौशल्य असेल, समजा प्रश्न विचारणं, तेवढंच बघा. किती प्रश्न ‘हो-नाही’त संपले ते मोजून सांगा. “छान झालं” हे ऐकायला गोड असतं, पण वर्गात कामाला येत नाही.

चार्ट आणि पोराचे हात

दीड-दोन वर्षांचं पोर टाचा उंचावून टेबलाच्या काठावरचं सहज ओढतं. टाचणवही, निरीक्षण नोंदवही, सह्या घेतलेले कागद हे त्याच्या डोक्याच्या हातभर वर. लिहायला बॉलपेन वापरा. जेल पेनची शाई दुधाच्या एका पेल्याने पान पान पसरते. रात्री उठताना लिहिलेल्या पानांचे फोटो काढून ठेवा.

पूर्ण चार्टपेपर साधारण २२ बाय २८ इंचांचा असतो. दोन फूट लांबीचा, तीन इंच व्यासाचा पीव्हीसी पाईप आणि दोन झाकणं आणा. गुंडाळलेले सात-आठ चार्ट त्यात बसतात आणि पावसात बसमधूनही कोरडे पोचतात. थर्माकोलचे मणी, टाचण्या, टिकल्या, बटण-सेल, छोटे लोहचुंबक हे घरात मूल जागं असताना उघडूच नका. बटण-सेल किंवा चुंबक गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. वाया गेलेला चार्ट आणि दोन जाड मेणाचे खडू त्याचे स्वतःचे, जमिनीवर. आईसारखं काम मिळालं की ते बरंच वेळ रमतं.

सात वाजताचं जेवण

थकलेल्या घरात पोराचं जेवण उशिरा होतं, म्हणून झोप उशिरा होते. रविवारी खिमटीचं पीठ करून ठेवा: २ वाट्या तांदूळ, १ वाटी मूगडाळ, १ चमचा जिरं. डाळ-तांदूळ धुऊन पंचावर पंख्याखाली रात्रभर वाळवा, मंद आचेवर वेगवेगळे भाजा. तांदूळ पांढरे होऊन किंचित फुगतात, डाळीला खमंग वास सुटतो. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमधून रव्याइतकं जाड काढा. कोमट असताना दळून डबा बंद केला की झाकणाला आतून ओल धरते आणि आठवड्यात पिठाला जाळी होते. शिजवताना ३ मोठे चमचे पीठ आधी दीड वाटी गार पाण्यात कालवा, मग गॅसवर ठेवा. उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या झाल्याच. आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवा, वर तूप, मीठ, असलीच तर उकडलेल्या गाजराची कुसकरलेली फोड. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे डब्यात घालू नका, घशात अडकतात. कूट चालतं. द्राक्षं उभी चिरून.

ताप आला की

फ्रीजवर कागद चिकटवा: मुलाचं वजन, डॉक्टरांनी सांगितलेला डोस, आणि खाली रकाने — किती वाजता, किती, कुणी दिलं. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. ‘पाच एमएल’ एवढंच लक्षात ठेवलं आणि बाटली दुसरी आली, तर डोस दुप्पट. दोन डोसांत किमान चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. आईने सहाला दिलं आणि बापाने सातला पुन्हा दिलं, ही चूक कागद नसलेल्या घरांत होते. औषधाविना चोवीस तास ताप आला नाही की मगच पाळणाघर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं, अर्धं-अर्धं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या.

सोळा आठवड्यांसाठी आजी

दोन वर्षं आजीला बांधून ठेवू नका. आंतरवासितेच्या तारखा कळल्या की त्याच दिवशी फोन करा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, आणि दिवाळी मधे येत असेल तर पहिल्याच सकाळी काढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर पाळणाघर बंद करू नका. आजींकडे दुपारनंतरचे तीन तास आणि आजारपणाचे दिवस एवढंच द्या. पोराला उचलून घ्यावं लागू नये म्हणून पलंगाजवळ चढायला पाट ठेवा, न्हाणीघरात बसायला स्टूल. त्या आल्यावर पहिले तीन-चार दिवस बापाने संध्याकाळी लवकर यावं. झोपवायची ती बसवलेली घडी त्यांना आधी नीट बघू द्या, कारण त्यांच्या मायेने पोर पुन्हा खांद्यावर झोपायला लागलं, की त्या गेल्यावर ते बारा दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात, आणि तेव्हा समोर तिची वार्षिक परीक्षा असते.