जाळं पुन्हा विणलं तेव्हा व्हेक्टर पास झालं

वरळी कोळीवाड्यातल्या होड्यांचं शाईचं रेखाटन स्कॅन करून इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये इमेज ट्रेस केलं होतं, म्हणजे त्याचं आपोआप व्हेक्टर, रेषा आणि आकारांचं चित्र, करून घेतलं होतं. अ‍ॅडोब स्टॉक या चित्रं विकणाऱ्या साइटने ते परत पाठवलं. दिसायला चित्र झकास, पण कंट्रोल-वाय दाबून आउटलाइन व्ह्यू, म्हणजे नुसत्या रेषा, पाहिला तर जाळ्याच्या एकेका दोऱ्यावर अँकर पॉइंटांचा, म्हणजे रेषेचा आकार ठरवणाऱ्या बिंदूंचा, खच!

सिम्प्लिफाय कमांडने पॉइंट कमी झाले, पण दोऱ्यांचा झोक गेला. म्हणून जाळं पेन टूलने नव्याने घेतलं. एक गाठ, तिला चार दोरे, एवढाच तुकडा. त्याचा पॅटर्न केला आणि शेवटी एक्सपांड, म्हणजे पॅटर्नचे सुटे आकार. पॉइंट ठेवला तो फक्त बाक बदलतो तिथे. होडी, डोलकाठी, जाळं असे वेगळे लेयर केले, सगळ्या रंगीत आकारांची टोकं जुळवून ते बंदिस्त केले. घेणाऱ्याला नुसती होडी उचलून तिचा रंग बदलायचा असतो, तो त्याला एका क्लिकमध्ये बदलता यायलाच हवा. माझ्या मते व्हेक्टरची खरी किंमत हीच.

बाकी किरकोळ: अक्षरांचे आकार करायला क्रिएट आउटलाइन्स, सुट्या पॉइंटांना क्लीन अप. आर्टबोर्ड, म्हणजे चित्राचं पान, ५००० बाय ३००० पिक्सेल ठेवला, कारण अ‍ॅडोब स्टॉकला किमान १५ मेगापिक्सेल लागतात. ईपीएस १० या फाइल प्रकारात सेव्ह करून पाठवलं आणि मंजुरी आली. आता ससून डॉकचा सेट घेतलाय, थेट पेन टूलनेच.