पिकअपच्या हौद्यातला तंबू : निघण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी टेप घेऊन हौद्याचे माप घ्यावे. पिकअपवर बसणारे तयार तंबू हौद्याच्या ठरावीक लांबीसाठी शिवलेले असतात आणि चुकीच्या मापाचा तंबू एकतर शिवणीत उसवतो, नाहीतर रात्रभर फडफडत राहतो. फाळका, म्हणजे हौद्याची उघडणारी मागची फळी, बंद असतानाची आतली लांबी, चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी आणि बाजूच्या भिंतींची उंची ही तीन मापे लिहून ठेवावीत. इसुझू व्ही-क्रॉससारख्या चार दरवाजांच्या गाडीचा हौदा पाच फुटांच्या आसपास असतो, त्यामुळे पाय पसरून झोपायचे तर फाळका उघडा टाकावा लागतो आणि तंबूही उघड्या फाळक्यावर बसणाराच घ्यावा लागतो. आपल्या गावोगावी धावणाऱ्या बोलेरो पिकअपचा हौदा याहून बराच लांब, सपाट आणि बाजूचे फाळके खाली पडणारा असतो. त्यावर असा तयार तंबू सहसा नीट बसत नाही. अशा गाडीसाठी तालुक्याच्या वेल्डरकडून लोखंडी नळीच्या तीन कमानी वाकवून घ्याव्यात आणि ताडपत्री शिवणाऱ्याकडून दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या असलेले आच्छादन शिवून घ्यावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कापसाच्या हंगामात जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत रात्र काढणारे चालक दोर आणि ताडपत्री यांवर हेच करतात. फक्त त्याला कोणी कॅम्पिंग म्हणत नाही.

माप झाल्यावर हौदा धुवावा, आणि ही पायरी कंटाळून टाळू नये. शेतकऱ्याच्या पिकअपमधून सरकी, ढेप आणि युरियाबरोबर फवारणीची औषधेही वाहिली जातात, आणि एखादा डबा गळून त्याचा अंश पत्र्याच्या खाचांत राहिला असेल तर रात्रभर आपले अंथरूण त्यावरच असते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने माणसे दगावली, हे विदर्भात कोणी विसरलेले नाही. हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने हौदा दोनदा घासावा, तो नाल्यावर किंवा विहिरीजवळ धुऊ नये, आणि दिवसभर उन्हात उघडा ठेवून वास पूर्ण गेल्याची खात्री करावी.

तिसरी बाब जागेची, आणि माझ्या मते अर्धी तयारी इथेच असते. ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा किंवा बोर यांच्या जंगलात स्वतःची गाडी उभी करून रात्र काढण्याचा विचारही करू नये. संरक्षित वनात प्रवेशालाच परवानगी लागते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ जंगलाच्या हद्दीबाहेर, गावालगतच्या वावरांपर्यंत येतो, म्हणून तिथे गावकरी ‘रात्री इथे थांबू नका’ म्हणाले की वाद न घालता निघावे. तंबूचे कापड वाघाला किंवा अस्वलाला अडवत नाही. सर्वांत चांगली जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचे, घरापासून हाकेच्या अंतरावरचे वावर किंवा खळे. मालकाला आधी विचारावे आणि शेजारच्या वावराच्या मालकालाही सांगून ठेवावे. रानडुकरांपासून हरभरा वाचवण्यासाठी कुंपणाला झटका मशीन लावलेली असते, काही ठिकाणी तर बेकायदेशीरपणे थेट वीजप्रवाह सोडलेला असतो, म्हणून तार कुठून कुठे गेली आहे हे उजेड असतानाच पाहून घ्यावे. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, येणाऱ्या माणसालाही आपली गाडी तिथे असल्याचे माहीत असावे, नाहीतर मध्यरात्री तो बॅटरीचा झोत तोंडावर मारून आपली चौकशी करील, आणि ती करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

जमीन शक्यतो मुरमाड निवडावी. वऱ्हाडातली काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते, पण एका अवकाळी सरीने ती फुगून चिकट होते आणि रिकामी पिकअपसुद्धा जागची हलत नाही. मी स्वतः एकदा डिसेंबरात आभाळ पाहूनही काळ्या वावरात मुक्काम केला आणि सकाळी बैलजोडी आणून गाडी ओढून काढावी लागली. बैलवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण त्याचे हसू मला आजही आठवते. नाल्याच्या पात्रात आणि धरणाखालच्या नदीकाठी कोरडी वाळू कितीही मोहक दिसली तरी उतरू नये, कारण वर पाऊस झाला किंवा दारे उघडली तर पाणी रात्रीतून चढते. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या, तलावांची पाळ उंच आणि वाऱ्याची असते, पण तिच्यावर गाडी चढवून तिची माती ढासळवू नये. पाळीपासून दूर, चढावर थांबावे. जागा ठरली की गाडी आडवी-उभी समतल करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर टाकून ठेवावा आणि चाकांमागे लाकडी ओट लावावेत.

अंथरुणाबाबत लोक पांघरूण जास्त नेतात आणि खालच्या थराकडे दुर्लक्ष करतात. डिसेंबर-जानेवारीत विदर्भाच्या मैदानी भागात पहाटेचा पारा 10 अंशांच्या खाली जाऊ शकतो, चिखलदऱ्याच्या पठारावर थंडी त्याहून बोचरी असते, आणि हौद्याचा पत्रा खालून वारा लागल्याने अंगातली ऊब सतत ओढून घेतो. पत्र्यावर आधी गोणपाट, त्यावर धानाच्या पट्ट्यात सहज मिळणाऱ्या तणशीचा (भाताच्या पेंढ्याचा) वीतभर थर, त्यावर जाड सतरंजी आणि शेवटी गोधडी असा क्रम ठेवला तर वर एक रग पुरतो. तणस कोरडी आहे हे पाहून घ्यावे आणि तिच्याजवळ विडी-काडी नेऊ नये. एप्रिल-मेमध्ये मात्र हा खटाटोपच करू नये. दिवसभर 45 अंशांत तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही.

तंबूत शेगडी, कोळसे किंवा निखाऱ्यांचे घमेले कदापि ठेवू नये आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. थंडी असली तरी दोन्ही टोकांच्या खिडक्या बोटभर उघड्या राहू द्याव्यात, नाहीतर श्वासाचे दव पहाटे छतावरून टपकते. चूल गाडीपासून दहा-बारा पावलांवर, वारा ठिणग्या गाडीपासून दूर नेईल अशा अंगाला, भोवतालचे गवत काढून मांडावी आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवावी. पऱ्हाट्या आणि तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या) चटकन पेटतात, ठिणग्याही तितक्याच उडवतात. म्हणून रोडगे भाजायचे असतील तर गोवऱ्यांची धिमी आर उत्तम. वांग्याची भाजी घरून शिजवून नेली तर रात्री अंधारात चिरण्याचा त्रास वाचतो.

पाणी माणशी दिवसाला किमान पाच लिटर धरावे आणि ते घरूनच न्यावे. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे आणि तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्याने तहान भागत नाही. वीस लिटरचा एक जार आणि नळ असलेली एक कॅन एवढे दोघांना एका रात्रीसाठी पुरते.

मच्छरदाणी ऋतू कोणताही असो न्यावी. गडचिरोलीकडे मलेरियाचा धोका पाहता तिच्यावर हयगय नको. हौद्यात झोपण्याचा एक मोठा फायदा असा की माणूस जमिनीपासून वर असतो, आणि मण्यार रात्रीच बाहेर पडणारा, जमिनीवर झोपलेल्याला चावणारा साप आहे. तरीही खाली उतरताना बॅटरी लावावी आणि बूट तंबूच्या आत ठेवून सकाळी झटकूनच घालावेत. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहावे, त्याच कागदावर रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक लिहावा. साप चावल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चावलेला अवयव न हलवता सरळ रुग्णालय गाठावे.

गाडीसाठी स्टेपनीतली हवा, जॅक, पाना, जाड दोर, जंपर केबल आणि फावडे एवढे आवश्यक. दिवा गाडीच्या बॅटरीवर रात्रभर लावू नये. चार्जिंगचा कंदील वेगळा घ्यावा. सामान भरताना तंबू, ओट आणि कंदील सर्वांत शेवटी, फाळक्याजवळ ठेवावेत, कारण पोचल्यावर तेच आधी लागतात. माणसे मात्र केबिनमध्येच बसवावीत. मालवाहू गाडीच्या हौद्यातून माणसे नेणे नियमात बसत नाही.

तंबूचे पट्टे गाडीखाली अडकवताना सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्यांना स्पर्श होत नाही हे पाहावे. सकाळी ओला तंबू घडी करून कोंबू नये, बुरशी धरते. नाइलाज असल्यास घरी पोचताच आडव्या दोरीवर पसरावा. तणस मालकाच्या गोठ्यात द्यावी, राखेवर पाणी टाकून हात ठेवून पाहावे, आणि सगळे पट्टे सुटले आहेत, ओट उचलले आहेत हे खाली वाकून पाहिल्यावरच चावी फिरवावी.