स्तनाचं इम्प्लांट मनासारखं झालं नाही? दुसऱ्या ऑपरेशनआधी या चुका टाळा

नाशिकला प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत मी चौदा वर्षं सिस्टर म्हणून काम करते. ड्रेसिंग करायचं, टाके काढायचे, फोटो काढायचे, आणि डॉक्टर मोकळे होईपर्यंत बाहेर बसलेल्या बाईचं ऐकून घ्यायचं. स्तनांत इम्प्लांट, म्हणजे आकारासाठी सिलिकॉनची पिशवी, बसवून मनासारखं झालं नाही म्हणून येणाऱ्या बायकांचं दुःख खरं असतं. पैसे गेलेले असतात, घरात बोलणी खाल्लेली असतात, कपडे बदलताना आरशाकडं पाठ केलेली असते. पण दुसऱ्या ऑपरेशनला निघताना त्याच त्या चुका होताना बघते, तेव्हा जीव तुटतो. म्हणून हे लिहितेय.

घाई

सगळ्यात जास्त नुकसान घाईनं झालेलं मी पाहिलंय. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवलं असेल, तर तो स्नायू सुरुवातीला आवळलेला असतो आणि इम्प्लांटला वर ढकलून धरतो. स्तन वरच्या बाजूला फुगीर आणि टणक दिसतो. सूज ओसरते, स्नायू सैल पडतो, तसं इम्प्लांट हळूहळू खाली उतरतं. याला तीन ते सहा महिने लागतात, आणि दोन्ही बाजू एकाच चालीनं उतरत नाहीत. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक अस्तर तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. तेही पक्कं व्हायला काही महिने जातात. म्हणूनच निव्वळ दिसण्यासाठीचं दुसरं ऑपरेशन बहुतेक सर्जन सहा महिने ते वर्षभर थांबून करतात.

निफाडकडची एक ताई नऊ आठवड्यांनी आली होती. "सिस्टर, डावी बाजू वर आहे. मला रात्र रात्र झोप नाही." डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक होतं, थांबायला सांगितलं. मी बाहेर येऊन पुन्हा समजावलं, "ताई, अजून अडीच महिनेही झाले नाहीत. दिवाळीपर्यंत बघू." ती मान हलवून गेली आणि दुसऱ्या शहरात जाऊन अकराव्या आठवड्यात डावी बाजू उघडून घेतली. तिथं इम्प्लांट बसतं तो आतला कप्पा खालून मोठा केला, इम्प्लांट लगेच खाली आलं. पंधरा दिवस ती खूश होती. पुढं स्नायूही सैल पडला, कप्पा तर आधीच मोठा होता. दिवाळीत ती आमच्याकडं परत आली, तेव्हा डावं इम्प्लांट स्तनाखालच्या घडीच्या खाली सरकलं होतं आणि स्तनाग्र वर आभाळाकडं बघत होतं. उजवी बाजू मात्र काही न करता जागेवर आली होती. तिसऱ्या ऑपरेशनमध्ये कॅप्सूलला आतून टाके घालून कप्पा लहान करावा लागला, खालून आधाराला जाळी लावावी लागली, इम्प्लांटही लहान घ्यावं लागलं. ती टेबलवर झोपली होती तेव्हा मी शेजारी उभी होते. न लागणारी दोन ऑपरेशनं त्या बाईच्या वाट्याला आली.

माझी सांगण्याची पद्धत ठरलेली आहे. रोज आरशात बघू नका. महिन्याच्या एक तारखेला, त्याच भिंतीसमोर, त्याच उजेडात, हात खाली सोडून फोटो काढा: समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. सहा फोटो-संच शेजारी ठेवले की काय बदललं आणि काय नाही ते डॉक्टरांना पाच मिनिटांत कळतं.

काही गोष्टींना मात्र थांबणं नाहीच. पहिल्या दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, ताप आला, कातडी लाल आणि गरम झाली, टाक्यांतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वर्षानुवर्षं ठीक असलेली बाजू एकाएकी सुजली, तरी तसंच.

कागद हरवणं

दुसरं ऑपरेशन म्हणजे आधी कोणीतरी केलेलं काम उघडणं. आत काय आहे हे माहीत नसेल तर सर्जन अंदाजानं काम करणार. इम्प्लांटच्या खोक्याबरोबर स्टिकर येतात. एक हॉस्पिटलच्या फाइलला लागतं, दुसरं पेशंटच्या कार्डावर. त्यावर कंपनी, किती सीसी, आकार, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, लॉट आणि सिरियल नंबर असतो. शिवाय ऑपरेशनची नोंद लागते: इम्प्लांट स्नायूवर की स्नायूखाली, छेद कुठून.

सिन्नरची एक काकू अकरा वर्षांनी आली, उजवी बाजू सुजलेली. ऑपरेशन दुसऱ्या शहरातलं, ते हॉस्पिटल बंद झालेलं, हातात एकही कागद नाही. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती एक दुर्मीळ कॅन्सर होऊ शकतो, लिम्फोमाचा एक प्रकार. त्याचं नेहमीचं लक्षण हेच, बऱ्याच वर्षांनी साठणारं पाणी. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर आणि उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, सांगितल्यावर अ‍ॅलर्गन कंपनीचे बायोसेल या खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले गेले ते याचसाठी. त्रास नसेल तर ते काढायलाच हवेत असं एफडीएनंही म्हटलेलं नाही, पण आपलं कोणतं आहे हे माहीत तर हवं. काकूंच्या बाबतीत सुईनं पाणी काढून तपासायला पाठवलं. रिपोर्टला नऊ दिवस लागले. रिपोर्ट चांगला आला, पण ते नऊ दिवस त्या घरानं कसे काढले ते मी रोजच्या फोनवर ऐकलंय. कार्ड नंतर सापडलं, बँकेच्या लॉकरमध्ये, पाटल्यांच्या डबीत घडी घालून ठेवलेलं. सोन्याइतकंच जपलं होतं बिचारीनं, फक्त विसरली होती.

कार्ड मिळालं की त्याचा फोटो काढा आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलवर पाठवा. जुन्या हॉस्पिटलमधून डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची नोंदही मागून घ्या. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कारण न शोधता "बदलून द्या" म्हणणं

नुसतं इम्प्लांट बदलून बरं होतं असं थोडंच असतं. स्तन कडक झाला असेल तर कॅप्सूल आवळलेलं असतं. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या मोजतात: पहिलीत मऊ, चौथीत कडक, वाकडा आणि दुखरा. तिसरी-चौथी असेल तर कॅप्सूल सोडवावं किंवा काढावं लागतं. कडांना लाटा दिसत असतील तर जागा बदलणं किंवा चरबी भरणं. इम्प्लांट सरकलं असेल तर कप्पा शिवणं. फुटल्याची शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय, कारण सिलिकॉन जेलचं इम्प्लांट फुटलं तरी बाहेरून काहीच कळत नाही असं होतं. पहिल्या भेटीला काय खटकतं ते तुमच्या शब्दांत लिहून आणा. एकीनं लिहिलं होतं, "उजवीकडं ब्लाउजचा टक्स बसत नाही." डॉक्टरांनी टेप लावली, घडी दीड सेंटिमीटर खाली होती. "छान दिसत नाही" यापेक्षा ते एक वाक्य कितीतरी कामाचं होतं.

ओघळ झाकायला आणखी मोठं इम्प्लांट मागू नका. कातडी सैल असेल तर ती उचलून शिवावी लागते. वजन वाढवलं की ती आणखी ओघळते. तीनशे पन्नास सीसी म्हणजे एका बाजूला जवळजवळ तेवढेच ग्रॅम. मी बायकांना घोटीच्या तांदळाच्या तेवढ्या वजनाच्या दोन पिशव्या ब्रामध्ये घालून दिवसभर घरकाम करायला सांगते. संध्याकाळी पाठ काय म्हणते त्यावर बऱ्याच जणी आकडा खाली आणतात.

मिशरी लपवणं

"तंबाखू?" विचारलं की "नाही" म्हणतात, आणि सकाळी मिशरी लावून आलेल्या असतात. मिशरी भाजलेली तंबाखूच आहे. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, आणि दुसऱ्यांदा उघडलेल्या कातडीला रक्तपुरवठा आधीच कमी असतो. स्तनाग्राची कातडी काळी पडलेली मी पाहिलीय. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. सासूबाईंसमोर सांगायची लाज वाटत असेल तर मला बाजूला घेऊन सांगा, पण सांगा.

बाकीच्या चुका थोडक्यात. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नका. ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर असते, चटका कळत नाही, फोडच दिसतो. कडक झालेला स्तन मालिशवाल्या बाईकडून दाबून घेऊ नका, इम्प्लांट फुटू शकतं. इंजेक्शननं स्तन भरून देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभ्या राहू नका. मॅमोग्राफीला गेलात तर आत इम्प्लांट आहे हे टेक्निशियनला आधी सांगा. सर्जनकडं प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) पदवी आहे का, हे मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत बघून घ्या. आधीच्या डॉक्टरांवर राग असला तरी एकदा त्यांना भेटा, मग दुसरं मत घ्या. नुसत्या दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही, त्यामुळं भूल, ऑपरेशन थिएटर, इम्प्लांट यांचा वेगवेगळा खर्च लिहून मागा. आणि द्राक्षाच्या हंगामात तारीख घेऊ नका. बागेत क्रेट उचलणाऱ्या बाईला सहा आठवडे वजन उचलता येत नाही, आणि हंगामात घरचे तिला बसू देत नाहीत.

काढून टाकणं म्हणजे हरणं समजणं

नवीन न घालता इम्प्लांट काढून घेणं हाही पूर्ण पर्याय आहे, आणि तो पहिल्याच भेटीत बोलायचा. मोबाइलवर बघून "सगळं कॅप्सूल अखंड काढा" असा हट्ट मात्र धरू नका. कॅन्सरची शंका नसेल तर प्रत्येकीला त्याची गरज नसते. कॅप्सूल बरगड्यांना चिकटलेलं असेल तर ते ओढून काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. काढल्यावर कातडी काही महिने सैल दिसते, मग हळूहळू बरीचशी आवळते. उचलून शिवायची गरज आहे का, हे कधी त्याच ऑपरेशनमध्ये ठरतं, कधी नंतर थांबून. नंतरचं ठरलं असेल, तर तोपर्यंत नवीन ब्लाउज शिवायला टाकू नका. माप बदलणार आहे.